मेरी ॲनिंग, नदीकाठची हाडं आणि पाटीवरचं नाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी २१ मेच्या आसपास आम्ही सात-आठ जण नाशकात एका गच्चीवर जमतो, भिंतीवर पांढरी चादर लावून फोटो दाखवतो आणि मेरी ॲनिंग नावाच्या एका इंग्लिश बाईचा वाढदिवस करतो. संस्था नाही, पावती नाही, अध्यक्ष तर नाहीच नाही. पण दर वर्षी तेच तेच प्रश्न येतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच टाइप करून माझा अंगठा दुखायला लागलाय, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते. मी शाळेत मराठी शिकवायचे, भूशास्त्र शिकलेली नाही, तेव्हा जडजड शब्दांची अपेक्षा नको.

ही बाई कोण? आणि तिचा वाढदिवस नाशकात कशाला?

मेरी ॲनिंग. जन्म २१ मे १७९९, गाव लाइम रीजिस, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या डोर्सेटमधलं. बाप सुतार, फर्निचर करायचा, आणि जोडधंदा म्हणून समुद्राकाठच्या कड्यातून निघालेले जीवाश्म, म्हणजे फॉसिल, हवा खायला आलेल्या पाहुण्यांना विकायचा. घरात दहाएक मुलं झाली, त्यातली दोनच मोठी झाली, मेरी आणि तिचा भाऊ जोसेफ. १८१० मध्ये बाप गेला आणि मागे कर्ज राहिलं, मग हा जोडधंदाच मुख्य धंदा झाला.

नाशकात कशाला, तर काही खास कारण नाही हो. आमच्यातल्या एकाच्या मुलीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिच्यावर लिहिलं होतं, ते वाचून आम्ही सगळेच वेडे झालो, आणि मग लक्षात आलं की आपल्या गोदावरीच्या काठावरही हाडं निघतात आणि ती काढणाऱ्या माणसांची नावं कुणालाच माहीत नाहीत.

तिने नेमकं काय शोधलं?

हे जरा मोठं आहे, चहा घेऊन बसा.

१८११ मध्ये जोसेफला कड्यात चार फुटी कवटी दिसली, मगरीसारखी. मेरी तेव्हा बारा वर्षांची. बाकीचं धड तिने पुढच्या वर्षी शोधून काढलं आणि माणसं लावून खणून घेतलं. हा इक्थिओसॉर, म्हणजे माशासारखा दिसणारा पण मासा नसलेला समुद्री सरपटणारा प्राणी, साधारण वीस कोटी वर्षांपूर्वीचा. २३ पौंडांना विकला गेला. कवटी आता लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे.

मग १८२३ च्या डिसेंबरात तिला अख्खा प्लेसिओसॉर मिळाला, हाही समुद्री सरपटणारा प्राणीच. मान इतकी लांब की पॅरिसमधले त्या काळचे सगळ्यात मोठे तज्ज्ञ जॉर्ज कुविए म्हणाले हे खोटं असणार, कुणीतरी दोन प्राण्यांची हाडं जोडलीत, कारण मानेत पस्तीस मणके असतात कुणाला? लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत, म्हणजे भूशास्त्रज्ञांच्या संस्थेत, त्यावर चर्चा झाली आणि शेवटी कुविएंनाच कबूल करावं लागलं की पोरीचं बरोबर आहे. आता गंमत बघा, १८२४ च्या फेब्रुवारीत त्या सोसायटीत कॉनीबियर साहेबांनी हा प्राणी सगळ्यांसमोर मांडला आणि आख्ख्या निबंधात तिचं नाव एकदाही घेतलं नाही. त्याच बैठकीत बकलंड साहेबांनी मेगालोसॉरस जाहीर केला, शास्त्रीय नाव मिळालेला पहिला डायनासोर तो. म्हणजे इतकी ऐतिहासिक संध्याकाळ, आणि जिच्या हातोडीमुळे अर्धी बैठक झाली ती बाई तिकडे गावात. बायकांना तिथे प्रवेशच नव्हता. फेलो म्हणून बायकांना घ्यायला त्या सोसायटीने १९१९ साल उजाडवलं.

१८२८ मध्ये टेरोसॉर, म्हणजे उडणारा, जर्मनीच्या बाहेर मिळालेला पहिला. शिवाय बेलेम्नाइट नावाच्या माखलीच्या जुन्या भाऊबंदाच्या पोटात वाळलेली शाईची पिशवी तिच्या लक्षात आली, आणि तिची मैत्रीण एलिझाबेथ फिल्पॉट हिने ती शाई पाण्यात कालवून चक्क चित्रं काढली. कोटी कोटी वर्षं जुनी शाई!

आणि मुलांना सगळ्यात आवडतं ते म्हणजे शेण. इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी गोल गोल दगड मिळायचे, लोकांना वाटायचं कसलेतरी औषधी खडे. तिने ते फोडून बघितले, तर आत माशांची हाडं आणि खवले. म्हणजे ही विष्ठा. बकलंडनी १८२९ मध्ये त्याला कॉप्रोलाइट नाव दिलं आणि यावेळी निदान तिचा उल्लेख केला. हे ऐकून हसू नका, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या शेणाचे असेच दगड मिळतात आणि त्यात गवताचे सूक्ष्म अवशेष निघाले, २००५ मध्ये ते छापून आलं, तोपर्यंत डायनासोरच्या काळात गवत होतं असं कुणी फारसं मानत नव्हतं.

शाळेत गेली नाही मग एवढं कळायचं कसं?

थोडंफार लिहा-वाचायला शिकली होती चर्चच्या रविवारच्या शाळेत. पुढचं स्वतःच. लोकांकडून शास्त्रीय निबंध उसने आणायची आणि हाताने उतरवून काढायची, चित्रांसकट. मासा कसा असतो ते कळावं म्हणून मासे चिरून बघायची. आमच्याकडे झेरॉक्स आहे, गुगल आहे, आणि आम्ही फोटो सेव्ह करून विसरतो.

लाइम रीजिसला वेटोळ्यांचे दगड मिळतात ते म्हणजे आपले शाळिग्रामच ना?

भाऊबंद म्हणा. शाळिग्राम येतात नेपाळच्या काली गंडकीतून आणि त्यातले खरे असतात ते अमोनाइट, म्हणजे शंखासारखं वेटोळं असलेला समुद्री प्राणी, आत चक्र दिसतं ते त्याच्या कवचाचे कप्पे. हिमालयाच्या जागी आधी समुद्र होता म्हणून ते तिथे. लाइम रीजिसलाही अमोनाइटच, पण तिकडचे लोक त्याला सापाचे दगड म्हणायचे आणि काही हुशार दुकानदार त्याला सापाचं डोकं कोरून विकायचे. आपण तुळशीचं लग्न लावलं, त्यांनी साप केला. तुमच्या देवघरातला शाळिग्राम फोडून बघू नका म्हणजे झालं, गेल्या वर्षी एका मुलाने खरंच आजीला विचारलं होतं.

तिला हौशी म्हणायचं का? ती तर विकायची.

यावरून आमच्यात दर वर्षी वाद होतो. माझं मत सांगते. पदवी नाही, पगार नाही, पद नाही, म्हणून पुस्तकात हौशी लिहितात. पण हौस ज्याला परवडते तो हौशी! कॉनीबियर पाद्री होते, भूशास्त्रज्ञ दे ला बेश यांना जमैकातल्या मळ्याचं उत्पन्न यायचं, तेही गुलामांच्या कष्टावर, म्हणजे खरे हौशी हे साहेबलोक. ती भर थंडीत कडा कोसळल्यावर बाहेर पडायची कारण कडा कोसळला की नवीन माल उघडा पडतो आणि भरती आली की वाहून जातो. हे पोटासाठी होतं. एक मात्र आहे, दे ला बेश यांनी १८३० मध्ये तिच्या शोधांवरून प्राचीन समुद्राचं चित्र काढलं आणि त्याच्या प्रती विकून आलेले पैसे तिला दिले, तेव्हा सगळेच काही वाईट नव्हते.

कुत्र्याची गोष्ट खरी का?

खरी. ट्रे नाव. १८३३ मध्ये दरड पडली त्यात तो गेला, ती थोडक्यात वाचली.

जिवंतपणी मान मिळाला का, की नेहमीसारखं मेल्यावर?

दोन्ही, पण आधी कमी आणि नंतर जास्त.

जिवंतपणीचं सांगायचं तर मला सगळ्यात आवडतो तो कर्नल बर्चचा किस्सा. हा माणूस तिच्याकडचं गिऱ्हाईक. एकदा घरी गेला तर यांच्याकडे भाड्यापुरतेही पैसे नाहीत, घरातलं सामान विकायची पाळी आलेली. त्याने काय करावं, तर स्वतःचा फॉसिलचा आख्खा संग्रह १८२० मध्ये लंडनला लिलावात काढला आणि चारेकशे पौंड आले ते या कुटुंबाला दिले. शाल नाही, श्रीफळ नाही, सरळ घर चालेल असा सत्कार. पुढे १८३५ मध्ये तिची पुंजी बुडाली तेव्हा बकलंड वगैरेंनी खटपट करून वर्षाला २५ पौंडांचं पेन्शन मिळवून दिलं. स्वित्झर्लंडचे लुई आगासिझ, माशांच्या जीवाश्मांचे तज्ज्ञ, त्यांनी दोन जातींना तिचं नाव दिलं, आणि तिच्या मैत्रिणीचंही एकीला दिलं.

९ मार्च १८४७ ला ती कॅन्सरने गेली, ४७ वर्षांची. दे ला बेश तेव्हा जिऑलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष, त्यांनी भर सभेत तिच्यावर श्रद्धांजलीचं भाषण केलं, जी सोसायटी तिला दारात घेत नव्हती तिथेच. १८५० मध्ये गावातल्या चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवली, पैसे सोसायटीच्या मंडळींनीही घातले. पण खिडकीत चित्रं कसली, तर भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, आजाऱ्याची सेवा. एकही हाड नाही, हातोडी नाही! म्हणजे बाई चांगली होती हे दाखवायचं, बाई हुशार होती हे खालच्या अक्षरात.

मग दीडेकशे वर्षं हळूहळू. २०१० मध्ये रॉयल सोसायटीने विज्ञानावर प्रभाव टाकणाऱ्या दहा ब्रिटिश स्त्रियांच्या यादीत तिला घेतलं, २०१५ मध्ये इक्थिओसॉरच्या एका नव्या जातीला तिचं नाव मिळालं, २०२१ मध्ये ब्रिटनच्या टांकसाळीने तिने शोधलेल्या प्राण्यांची पन्नास पेन्सची नाणी काढली, आणि २१ मे २०२२ ला लाइम रीजिसमध्ये पुतळा उभा राहिला, हातात हातोडी, पायाशी ट्रे. आणि तो पुतळा कुणामुळे, तर एका शाळकरी मुलीने आईला विचारलं हिचा पुतळा का नाही, तिथून मोहीम सुरू झाली. त्या मुलीचं मला जास्त कौतुक वाटतं. ब्रिटनमधली पॅलिऑन्टॉलॉजिकल असोसिएशन, म्हणजे जीवाश्मतज्ज्ञांची संघटना, आता पगारी तज्ज्ञ नसलेल्या लोकांना मेरी ॲनिंगच्या नावाने पुरस्कारही देते.

आपल्याकडे असं कोणी झालं का?

झालेत की. १८२८ मध्ये जबलपूरजवळ स्लीमनला हाडं मिळाली. स्लीमन म्हणजे ठगांचा बंदोबस्त केला तोच, लष्करी अधिकारी. भारतात डायनासोरची हाडं मिळाल्याची ही सगळ्यात जुनी नोंद, डायनासोर हा शब्दही तेव्हा नव्हता. १८७७ मध्ये लायडेकर नावाच्या तज्ज्ञाने त्यातल्या शेपटीच्या मणक्यांवरून टायटनोसॉरस इंडिकस नाव दिलं. पुढे ते मणके हरवले, कित्येक वर्षं पत्ता नाही, आणि २०१२ मध्ये कोलकात्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच परत मिळाले. घरात चष्मा शोधावा आणि डोक्यावरच असावा तसं.

नागपूरला स्टीफन हिस्लॉप, मिशनरी, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे. त्यांनी विदर्भातून ढिगाने वनस्पती, शंख, प्राणी गोळा केले, एका जुन्या उभयचराची कवटीही त्यात होती. १८६३ मध्ये टाकळघाटच्या उत्खननावरून परतताना ओढ्याच्या पुरात वाहून गेले.

आणि आजचं उदाहरण हवं तर मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातले विशाल वर्मा. शाळामास्तर, आणि वर्षानुवर्षं नर्मदेच्या खोऱ्यात पायी हिंडून डायनासोरची अंडी शोधणारे. २०२३ मध्ये ९२ घरटी आणि २५६ अंडी असा मोठा निबंध आला त्यात विद्यापीठातल्या लोकांबरोबर त्यांचंही नाव लेखक म्हणून आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आभार मानून वाटेला लावलं नाही, लेखक म्हणून नाव घातलं. मेरीला हे आयुष्यभरात मिळालं नाही, तिचं जे थोडं छापलं गेलं ते १८३९ मध्ये एका मासिकाला पाठवलेल्या पत्रातला मजकूर.

नाशकात फॉसिल मिळतात का?

बऱ्याच ठिकाणी नाही, आणि एका ठिकाणी जोरदार हो.

नाही अशासाठी की आपला जिल्हा बसला आहे काळ्या दगडावर, बेसाल्टवर. ब्रह्मगिरी, अंजनेरी, सप्तशृंग, पांडवलेणी, सगळा लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तापलेल्या लाव्ह्यात कोण टिकणार? दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात तळी साठली, गाळ बसला, अशा थरांत जीवाश्म मिळतात, पण ते जास्त करून नागपूर-छिंदवाड्याकडे आणि थोडे मुंबईत, वरळीला तर बेडूक मिळालेत.

हो अशासाठी की गोदावरीचा गाळ. तो बेसाल्टच्या मानाने अगदी कालचा, लाखभर किंवा हजारो वर्षांच्या हिशेबातला. निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर, जिथे आपण सगळे फ्लेमिंगो बघायला जातो आणि जे २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तिथल्या गाळातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रचंड मोठ्या हत्तीचे अवशेष निघाले. १९०५ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या पिलग्रिम नावाच्या तज्ज्ञाने त्यावर लिहिलं. ही नामशेष झालेली जात, जगातल्या सगळ्यात मोठ्या हत्तींपैकी, नाव नर्मदेवरून नामाडिकस. निफाडात उसात बिबट्या निघाला की आपण घाबरतो, तिथे हे हिंडत होते. आणि गंगापूरजवळ गोदेच्या काठी पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलियांना अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली, म्हणजे माणूसही होता.

माझ्याकडे डायनासोरचं अंडं आहे. फोटो पाठवू का?

पाठवा, पण ते अंडं नाही. दर पावसाळ्यानंतर असे दहा-बारा फोटो येतात. बेसाल्ट कुजताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो आणि आत गोल गोटा राहतो. कांद्याच्या जिल्ह्यात हे वेगळं समजवायला लागू नये खरं तर! दगडावर काळी नाजूक फांदी उमटली असेल तर ते पान नाही, फटीत झिरपलेल्या मँगनीजची नक्षी आहे. पांढरे चकचकीत स्फटिक म्हणजे झिओलाइट, ते बघायला सिन्नरच्या एमआयडीसीत गारगोटी म्युझियम आहे, डोळ्यांचं पारणं फिटतं, पण तो कुणाचा दात नाही. नदीकाठचं हाडासारखं वाकडंतिकडं पांढरं बहुतेक वेळा चुनखडीचा कंकर निघतो.

तरी पाठवा. धार जिल्ह्यात लोक शेतातल्या गोल दगडांना काकड भैरव म्हणून पुजत होते आणि ती खरंच डायनासोरची अंडी निघाली. तिथला दगड वेगळा म्हणून ते शक्य झालं, पण पुजणाऱ्यांनी ती पिढ्यान् पिढ्या सांभाळली हेही खरंच ना.

जिभेला लावून हाड ओळखतात म्हणे?

हो, जुन्या हाडाला बारीक भोकं असतात म्हणून ते जिभेला चिकटतं. जुनी जाणती मंडळी करायची. गोदावरीच्या पाण्यातून काढलेल्या वस्तूला जीभ लावायची की नाही ते तुम्ही ठरवा.

खरंच काही मिळालं तर काय करायचं?

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथे मी स्वतः माती खाल्ली आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी निफाडच्या खाली नदीकाठच्या एका शेतकरी दादांनी मला एक जड, तपकिरी, दगड झालेलं हाड दिलं. विहिरीच्या कामात निघालं होतं आणि गोठ्यात दाराला टेकू म्हणून लावलेलं. म्हणाले, बाई, तुम्हाला आवड आहे तर न्या. मी आनंदाने घरी आणलं, ब्रशने घासून स्वच्छ धुतलं, कपाटात ठेवलं. कुठल्या विहिरीतून, किती फुटांवर, वाळूत की चिकणमातीत, काही विचारलं नाही. चिकटलेली माती होती, तीच तर पुरावा होती, ती बेसिनमधून गेली. नंतर एका संस्थेला दिलं, तिथे पाटी लागली, "हाड, गोदावरी खोरे". ना गावाचं नाव, ना दादांचं. मी चिडले, पण चिडायला तोंड कुठे होतं, मीच कागदावर काही लिहून दिलं नव्हतं. आता दादा नाहीत आणि विहीर त्यांच्या दोनपैकी कुठल्या रानातली ते मुलाला सांगता येत नाही.

तर आधी फोटो, जागेवरच, शेजारी चावी नाहीतर पेन ठेवून, म्हणजे आकार कळतो. मग मोबाइलवरून लोकेशन. मग किती खोल आणि कसली माती. उचलू नका, आणि आधीच सुटलेलं असेल तर मातीसकट पेपरात गुंडाळा. कोणाला मिळालं त्याचं पूर्ण नाव लिहा, मजूर असेल तर मजुराचं, मालकाचं नाही. अभयारण्याच्या हद्दीत असाल तर हात लावायचाच नाही, वनखात्याला सांगायचं. दाखवायचं म्हटलं तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे, नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ऑफिस आहे.

त्याला माझं नाव देतील का?

आधी ती जात नवीन निघायला पाहिजे, मग कुणीतरी त्याचं नीट वर्णन छापलं पाहिजे आणि नमुना संग्रहात ठेवला पाहिजे. स्वतःच स्वतःचं नाव द्यायचं नाही असा संकेत आहे. दुसऱ्याने दिलं तर बाईच्या नावापुढे लॅटिनचा "एई" (ae) लागतो, पुरुषाच्या पुढे "आय" (i). आमच्या ग्रुपात सगळ्यांनी आपापली नावं करून बघितलीत, कुलकर्णीआय ऐकायला बरं वाटतं.

मेरी विकायची, मग आम्ही विकलं तर काय बिघडलं?

तिचा माल म्युझियममध्ये पोचला म्हणून आज आपल्याला दिसतो, आणि तरी कितीतरी नमुन्यांवर तिचं नाव राहिलं नाही, विकत घेणाऱ्याचं लागलं. तुमचा माल कुणाच्यातरी हॉलमधल्या शोकेसमध्ये जाईल. विकू नका.

यंदा कधी, आणि येताना काय आणायचं?

२१ मे, संध्याकाळी सात, ऊन उतरल्यावर. गच्ची तीच, गंगापूर रोडची, ज्यांना माहीत नाही त्यांनी ग्रुपवर विचारा. वळवाचा पाऊस आला तर जिन्यात बसू. चहा-भडंग आमच्याकडे, मुलांना जरूर आणा, शेणाचा फोटो सगळ्यात शेवटी आहे. दगड आणणार असाल तर कुठून आणला ते चिठ्ठीवर लिहून आणा, आणि धुवू नका.